बेटं तरंगतात, मग धरणानं त्यांचं नुकसान कसं होतं?

शिरोळच्या एका दादांनी दोन प्रश्न एकदम विचारलेत. पहिला असा की मणिपूरच्या लोकटक तळ्यातली बेटं जर पाण्यावर तरंगतात, तर बॅरेजनं, म्हणजे नदीवरच्या दरवाजे असलेल्या बांधानं, पाणी वाढलं की ती आपसूक वर उचलली जाणार, मग धरणामुळं ती मरायला लागलीत असं सगळे म्हणतात ते कसं काय? आणि दुसरा, आपल्याकडं उजनीला, नांदूर मधमेश्वरला बांध घातला म्हणूनच पाणथळ तयार झाली, फ्लेमिंगो आले, मग धरण पाणथळीचं वाईट करतं असं सरसकट कसं म्हणायचं? दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोन्हीचं उत्तर शेवटी एकाच ठिकाणी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वनस्पतीशास्त्राचा माणूस, पाणथळ जागांच्या पाहण्या करण्यातच नोकरी गेली, कोल्हापूरचे तलाव आणि पंचगंगेचा काठ हे रोजचं काम आणि लोकटकलाही कामानिमित्त जाणं झालंय.

थोडक्यात उत्तर असं की पाणथळीला पाणी तर लागतंच, पण त्याहून जास्त लागतो तो पाण्याचा चढउतार. वर्षातनं एकदा पाणी चढलं पाहिजे आणि एकदा खाली गेलं पाहिजे. धरण पाणी अडवतं हे सगळ्यांना दिसतं, पण ते हा चढउतार पण अडवतं हे दिसत नाही, आणि लोकटकला नेमकं तेच झालंय.

आता ही बेटं म्हणजे काय ते आधी बघू, कारण बेट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं माती-दगडाचं काहीतरी येतं. लोकटक हे ईशान्य भारतातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं तळं, मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यात. १९९० साली ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं आणि १९९३ ला मॉन्ट्रो नोंदीत, म्हणजे रामसरमधल्या ज्या पाणथळी बिघडायला लागल्यात त्यांच्या यादीत. या तळ्यावर तरंगणारे जे थर आहेत त्यांना तिथं फुमदी म्हणतात. नळ, लव्हाळी, जंगली भात, वेगवेगळी गवतं, यांची जिवंत मुळं वर एकमेकांत गुंतलेली, त्याखाली मेलेली मुळं आणि पाला, आणि अगदी खाली काळपट, अर्धवट कुजलेला पीटचा थर, त्यात थोडी माती मिसळलेली. याला शुद्ध पीट म्हणायचं का यावर शास्त्रज्ञ वाद घालू शकतात पण गुणधर्म बरेचसे पीटचेच आहेत. जाडी काही ठिकाणी वीतभर पण नाही तर काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत, आणि त्यातला साधारण पाचातला एक भाग पाण्याच्या वर, बाकी चार भाग खाली. चालायला लागलं की जाड गादीवर पाय टाकल्यासारखं दबतं आणि थोड्या अंतरावरचं गवत हलायला लागतं.

हे तरंगतं कशामुळं? दोन कारणं आहेत. एक तर या झाडांची जमिनीखालची खोडं आणि मुळं आतनं पोकळ, हवा भरलेली असतात, पाण्यात उभं राहणाऱ्या झाडाला मुळापर्यंत हवा पोचवायला ती सोय लागतेच. दुसरं म्हणजे खालच्या थरात ऑक्सिजन जवळपास नसतो, तिथं जिवाणू पालापाचोळा कुजवताना मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि त्या वायूचे बुडबुडे मुळांच्या जाळ्यात अडकून राहतात. म्हणजे फुमदी ही जिवंत झाडांच्या जोरावर तरंगणारी गोष्ट आहे. वरची झाडं अशक्त झाली की नवीन मुळं येणं थांबतं, जुनी कुजत राहतात, थर पातळ होतो आणि मग तो तुटतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मणिपूर नदीवर इथाईचं बॅरेज व्हायच्या आधी फुमदीचं वर्ष कसं जायचं ते बघा. पावसाळ्यात तळं भरायचं, फुमदी वर उचलली जायची, तरंगायची. पाऊस संपला की पाणी हळूहळू उतरायला लागायचं, फुमदी पण त्याच्याबरोबर खाली खाली यायची आणि थंडी संपता संपता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, बऱ्याच भागात ती तळाला टेकायची. टेकली की वरच्या झाडांची मुळं तळातल्या गाळात शिरायची आणि तिथली अन्नद्रव्यं ओढून घ्यायची, कारण नुसत्या पाण्यात तरंगताना झाडाला मिळतं ते फार थोडं. त्या दीडदोन महिन्यांत जी ताकद मिळायची तिच्यावर नवीन मुळं फुटायची, थर जाड व्हायचा, आणि पुढच्या पावसात फुमदी परत सुटून वर यायची. म्हणजे तरंगणाऱ्या बेटाला जगायला दरवर्षी काही दिवस जमिनीवर बसणं गरजेचं आहे. दादांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

१९८३ साली लोकटक जलविद्युत प्रकल्प सुरू झाला, ३५ मेगावॅटचे तीन संच, एकूण १०५ मेगावॅट. त्यासाठी मणिपूर नदीवर इथाई इथं बॅरेज बांधलं आणि तळ्याचं पाणी बोगद्यातनं पश्चिमेला डोंगरापलीकडं लेइमाताक नदीच्या खोऱ्यात सोडलं, जे पुढं बराक नदीकडं जातं. आपल्या लोकांना हे समजायला कोयना डोळ्यापुढं आणा, कृष्णेकडं जाणारं पाणी बोगद्यातनं वळवून वीज करून चिपळूणकडं वाशिष्ठीत, तसाच प्रकार, आकार मात्र लहान. मणिपूर नदी खरं म्हणजे म्यानमारमध्ये चिंदविनला आणि पुढं इरावतीला मिळते, तिकडचं पाणी इकडं वळलं. आता टर्बाइन बारा महिने चालवायचं तर बारा महिने पाणी पाहिजे, म्हणून तळ्याची पातळी वर्षभर समुद्रसपाटीपासून ७६८.५ मीटरच्या आसपास धरून ठेवायला लागली. झालं, उन्हाळ्यातलं उतरणं बंद. फुमदी वर्षभर अधांतरी. मुळांना गाळ लागेना.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तळ्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या केइबुल लामजाओला. ४० चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान, १९७७ पासूनचं, त्यातला मोठा भाग फुमदीचाच आहे म्हणून त्याला तरंगतं राष्ट्रीय उद्यान म्हणतात. सांगाई नावाचं हरीण जंगलात फक्त इथं आहे. १९५१ ला हे हरीण संपलं असं धरलं होतं, १९५३ ला ई. पी. जी या निसर्ग अभ्यासकांना ते परत सापडलं, १९७५ ला विमानातनं मोजणी केली तर १४ भरली. त्यानंतर गावकऱ्यांनी आणि वनखात्यानं शिकार रोखायला खूप कष्ट घेतले आणि २०१६ च्या मोजणीत आकडा २६० झाला. यावर कोणीही विचारेल की मग बॅरेजनं बिघडलं काय, हरणं तर वाढली! पण हरणं वाढली ती शिकार थांबल्यामुळं, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र पातळच होत गेली. सांगाईचा नर शंभर किलोच्या पुढंमागं भरतो, त्याला तोलायला फुमदी मीटरभर तरी जाड लागते, पातळ झाली की पाय आत जातो. पावसाळ्यात पाणी फार वाढलं की ही हरणं उद्यानातल्या पाबोत, तोया, चिंगजाओ या टेकड्यांवर चढतात, पण तीन टेकड्यांवर किती हरणं किती दिवस काढणार? त्यांचं आवडतं खाद्य म्हणजे जंगली भात, त्याचा कोवळा कोंब तिथली माणसं पण आवडीनं भाजी म्हणून खातात, आणि तो पण जाड फुमदीवरच नीट येतो. माझ्या मते मोजणीच्या आकड्यापेक्षा फुमदीची जाडी दरवर्षी मोजून जाहीर केली तर लोकांना खरी परिस्थिती लवकर कळेल.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, कारण अर्धवट वाचणाऱ्यांचा गोंधळ इथंच होतो. उद्यानात फुमदी पातळ होत असताना तळ्याच्या मधल्या आणि उत्तरेच्या भागात फुमदी नको इतकी वाढली. एकाच तळ्यात, एकाच बॅरेजमुळं. कारण काय, तर पूर्वी पावसाळ्यात फुमदीचे सुटे तुकडे खोरडाक वगैरे वाहत्या कालव्यातनं मणिपूर नदीत जायचे आणि खाली वाहून जायचे, तळं आपलं आपण साफ व्हायचं. बॅरेजनं ती वाट आवळली. वरनं इंफाळ शहराचं सांडपाणी नांबुल नदीतनं तळ्यात येतं, त्यात नायट्रोजन फॉस्फरस भरपूर, त्यामुळं नदीच्या तोंडाकडच्या भागात मुळं तळाला न टेकताच झाडांना खायला मिळतं. म्हणून एकीकडं सडकी, सैल, पसरलेली वाढ आणि दुसरीकडं उपाशी थर. मच्छीमार लोक फुमदीचे गोल कडे करून त्यात मासे पाळतात, त्याला अथाफुम म्हणतात, त्यांची संख्या पण वाढली. मग २००६ साली लोकटक संरक्षणाचा कायदा झाला, फुमदी काढायची मशीन आली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये फुमदीवर राहणाऱ्या मच्छीमारांच्या शेकडो झोपड्या जाळून हटवल्या गेल्या. हे मला आजही पटत नाही. पाणी धरून ठेवायचा निर्णय त्या माणसांनी घेतला नव्हता, इंफाळचं गटारही त्यांनी सोडलं नव्हतं, आणि तळं बिघडल्याची शिक्षा मात्र पहिली त्यांनाच झाली.

काठावरच्या शेतकऱ्याचं पण तसंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्याच्या कडेची जी जमीन उघडी पडायची तिच्यात भात व्हायचा, ती कायमची पाण्याखाली गेली. आपल्या नदीकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, तुमच्या शिरोळ तालुक्यात पूर उतरल्यावर मळीच्या जमिनीत जे पीक येतं ते कशामुळं येतं हे तुम्हीच मला सांगाल. आणि मासे! पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा, चिंदविनकडनं अंडी घालायला वर यायचा, बॅरेजनं त्याची वाट बंद केली आणि तळ्यातनं तो जवळजवळ गेलाच, आता मिळतो तो बहुतेक तलावात पाळलेला.

धरण नेहमी तरंगती बेटं मारतंच असं मात्र नाही, कधीकधी ती तयार पण करतं, आणि ते जास्त विचार करायला लावणारं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात चिपेवा नदीवर १९२३ च्या सुमारास धरण झालं. त्याखाली गेलेला भाग ओजिब्वे आदिवासींचा, गाव गेलं, दफनभूमी गेली, आणि दलदलीतली पीटची जमीन पण गेली. पीट पाण्याखाली गेल्यावर आत वायू साठत गेला आणि पीटचे मोठमोठे तुकडे तळापासून सुटून वर आले. त्यांच्यावर गवत आलं, झुडपं आली, झाडं आली. त्यातलं एक बेट इतकं मोठं आहे की त्याला चाळीस एकराचं बेटच म्हणतात, ते वाऱ्यानं सरकत सरकत पुलाच्या तोंडाशी येऊन बसतं आणि मग गावातले लोक आपापल्या मोटरबोटी घेऊन जमतात, सगळ्यांनी मिळून बोटींचं नाक लावून त्याला ढकलत बाजूला नेतात. रशियात १९४१ पासून भरलेल्या रिबिन्स्क जलाशयात पण असंच पीट सुटून वर आलं होतं. बघायला येणाऱ्याला ही बेटं सुंदर वाटतात, आणि त्यांच्यावर पक्षी घरटी करतात हेही खरं, पण त्या ओजिब्वे लोकांचा जंगली भात होता, लोकटकच्या भाताचा सख्खा भाऊ म्हणा, एकाच वंशातला, तो मात्र त्या पाण्यात बुडून गेला. त्या भाताचं रोप लहान असताना पान पाण्यावर आडवं तरंगतं आणि त्या वेळी पाणी एकदम चढलं तर रोप उपटून येतं. म्हणजे धरणानं बेटं दिली आणि लोकांच्या तोंडचा घास नेला. दोन देश, दोन तळी, पण पातळी माणसाच्या हातात गेली की पहिलं काय जातं ते सारखंच.

आता दुसरा प्रश्न, उजनी आणि नांदूर मधमेश्वर. हो, दोन्ही माणसानं बांधलेल्याच जागा आहेत. नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्याच्यामागं वर्षानुवर्षं गाळ साठून उथळ पाणी, छोटी बेटं, दलदल तयार झाली आणि २०२० ला ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. उजनीला भिगवणकडं फ्लेमिंगो येतात. पण ते येतात कधी आणि बसतात कुठं ते बघा. पाणी उतरायला लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो, घोटाभर पाणी राहतं, त्यात किडे आणि शेवाळं असतं, पक्षी तिथं उतरतात. ज्या वर्षी उजनी काठोकाठ भरून बराच काळ तशीच राहते त्या वर्षी फ्लेमिंगो उशिरा दिसतात नाहीतर कमी दिसतात, हे भिगवणचा कोणताही नाववाला सांगेल. उजनी, जायकवाडी ही सिंचनाची धरणं, त्यांचं पाणी आवर्तनानं शेतीला जातं म्हणून उन्हाळ्यात पातळी आपोआप खाली जाते, लोक उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, म्हणजे गाळपेर करतात, पक्षी चिखलात चरतात. चढउतार राहिला म्हणून पाणथळ झाली. उद्या कोणी ठरवलं की बोटिंगसाठी किंवा विजेसाठी उजनी बारा महिने एकाच पातळीला ठेवायची तर तिथली पाणथळ काही वर्षांत नुसतं खोल पाणी होऊन बसेल.

पण यातनं धरण चांगलंच असं पण निघत नाही. उजनीच्या वरच्या कडेला पक्षी आले, धरणाच्या खाली भीमेचं काय झालं ते पण मोजायला पाहिजे ना! नदीकाठचे डोह, वाळूची बेटं, पुराच्या पाण्यावर जगणारे नाले, हे पण पाणथळच आहेत, फक्त त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

आपल्या कोल्हापूरकडं फुमदी नाही आणि होणार पण नाही. चार महिने पाऊस आणि मग आठ महिने कोरडं, ऊन लागलं की काठावरचा पालापाचोळा हवेत पूर्ण कुजून जातो, पीट साठायला कायम ओल लागते. पंचगंगेत उन्हाळ्यात दिसतं ते केंदाळ, म्हणजे जलपर्णी, ते वेगळं प्रकरण, एकेक सुटं रोप देठातल्या हवेवर तरंगतं, खाली पीट नसतं. पण पातळीचा धडा आपल्या नदीत पण तोच आहे, आणि आपल्याकडं त्याची एक चांगली पद्धत शंभरएक वर्षांपासून आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, जो सगळ्या देशात याच नावानं ओळखतात, त्यात पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे आणि पाऊस संपला की घालायचे. पावसाळ्यात नदी मोकळी, पूर जातो, गाळ जातो, केंदाळ वाहून जातं, मासे वर चढतात. नंतर पाणी अडवून शेतीला. ही नुसती इंजिनिअरिंगची सोय नव्हे, नदीचं वर्ष निम्मं तरी तिच्याकडं राहू देणारी रचना आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. जिथं बर्गे वेळेवर निघत नाहीत तिथं गाळ बसतो, पात्र उथळ होतं, आणि जिथं दोन बंधाऱ्यांच्या मध्ये उन्हाळाभर पाणी हलत नाही आणि वरनं गावाचं सांडपाणी येतं तिथं केंदाळ माजतं. लोकटकच्या उत्तर भागात जे झालं तेच लहान आकारात. फरक एवढाच की इथं जूनला बर्गे निघतात आणि नदी धुऊन निघते, तिथं दरवाजे वर्षभर विजेच्या हिशेबानं चालतात.

लोकटकला उपाय काय असं पण विचाराल. बॅरेज पाडा म्हणणारे तिथं बरेच आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. माझं मत असं की निदान थंडीच्या शेवटी काही आठवडे पातळी एवढी उतरवायची की उद्यानातली फुमदी टेकेल, तेवढ्या दिवसांची वीज दुसरीकडनं घ्यायची, १०५ मेगावॅट म्हणजे आजच्या हिशेबानं फार मोठा आकडा नाही, एकट्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. इतक्या वर्षांत तळ गाळानं भरलाय त्यामुळं दरवाजे उघडले की सगळं पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही, आणि नांबुलचं सांडपाणी साफ केल्याशिवाय उत्तरेकडची वाढ थांबणार नाही. पण मुळांना गाळ लागू दिला तर ती आपलं काम करतात, त्यासाठी वेगळी योजना लागत नाही.

आपल्याकडं एक अडचण कायद्याची आहे ती सांगून ठेवतो. २०१७ च्या पाणथळ नियमांतनं पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेत, नदीचं पात्र आणि भातखाचरं पण वगळलीत. म्हणजे कोल्हापूर भागातल्या बऱ्याच तलावांना पाणथळ म्हणून त्या नियमांचं संरक्षण मिळणं अवघड आहे. त्यामुळं तलावाच्या सुशोभीकरणाचं काम निघालं की नकाशा मागून घ्या आणि दोनच गोष्टी बघा, बारा महिन्यांत पातळी किती वरखाली होणार आहे आणि काठ उतरता राहणार का उभी भिंत होणार. उभ्या भिंतीच्या तलावात पाणी चार फूट उतरलं तरी चिखल उघडा पडत नाही, फक्त भिंत उघडी पडते. भिंत बांधायचीच असेल तर जिकडं रस्ता आणि वस्ती आहे तिकडं बांधा, आणि ओढा ज्या बाजूनं तलावाला मिळतो ती बाजू, तिथली लव्हाळी आणि चिखल, तशीच राहू द्या असं लेखी द्या, काम सुरू व्हायच्या आधी, कारण एकदा भराव पडला की तो उचलायचे पैसे कुणाच्याच बजेटमध्ये नसतात.